मोकळा की बांधलेला? फॉस्फरसविषयी वाचकांचे प्रश्न

फॉस्फरसविषयी आलेल्या पत्रांत दोन सूर आहेत. काहींना त्याची भीती वाटते: विष, बाँब, आग. उरलेल्यांना तो कमी पडतो आहे: जमिनीत, पिकात, हाडांत. दोघांचंही बरोबर आहे, कारण ते दोन वेगळ्या अवस्थांतल्या फॉस्फरसबद्दल बोलत आहेत. मूलद्रव्य म्हणून मोकळा असलेला फॉस्फरस एक, आणि ऑक्सिजनच्या चार अणूंनी वेढलेला, म्हणजे फॉस्फेटच्या रूपातला, दुसरा. पुढची उत्तरं वाचताना गोष्ट यातल्या कुठल्या फॉस्फरसची चालली आहे, हे आधी पाहावं. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

प्रश्न : पांढरा फॉस्फरस पाण्यात बुडवून ठेवतात आणि लाल फॉस्फरस नुसत्या बाटलीत. दोन्हींत अणू एकच असतील तर वागणुकीत एवढा फरक कसा? (बारावीची विद्यार्थिनी)

फरक अणूंत नाही, त्यांच्या जोडणीत आहे. फॉस्फरसचा अणुक्रमांक १५. बाहेरच्या कवचात ५ इलेक्ट्रॉन, त्यामुळे प्रत्येक अणूला शेजाऱ्यांशी तीन बंध हवे असतात. पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चार अणू एकत्र येऊन चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंची आकृती) बनवतात आणि प्रत्येक अणू उरलेल्या तिघांशी जोडला जातो. बंधांचा हिशेब पुरा होतो, पण दोन बंधांमधला कोन फक्त ६० अंशांचा राहतो. फॉस्फरसला सोयीचा कोन साधारण १०० अंशांचा. म्हणजे बांबूची कांब वाकवून दोरीने बांधून ठेवावी तसा हा रेणू ताणलेला असतो, आणि ऑक्सिजन मिळाला की तो ताण सुटतो. म्हणून पांढरा फॉस्फरस ३० अंश सेल्सिअसच्या थोडं वर आपोआप पेट घेतो. हाताची ऊबही त्याला पुरते. पाण्याशी मात्र त्याची अभिक्रिया होत नाही आणि पाण्यात तो जवळजवळ विरघळतही नाही, म्हणून त्याला पाण्याखाली ठेवतात. सोडियमचं नेमकं उलट: तो पाण्याशी भडकतो, म्हणून रॉकेलमध्ये.

हवा लागू न देता पांढरा फॉस्फरस अडीचशे ते तीनशे अंशांना तापवत ठेवला, तर प्रत्येक चतुष्फलकातला एक बंध तुटतो आणि ते तुकडे एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात. हाच लाल फॉस्फरस. त्यात ताण बराच कमी असतो. पेटण्यासाठी त्याला अडीचशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि तो पांढऱ्याइतका विषारीही नाही. हे रूपांतर ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ आंटोन फॉन श्रॉटर यांनी १८४० च्या दशकात नीट उलगडलं. पुढे १८६५ मध्ये हिटॉर्फ यांनी जांभळं अपरूप (त्याच मूलद्रव्याचं आणखी एक रूप) मिळवलं आणि १९१४ मध्ये पर्सी ब्रिजमन यांनी प्रचंड दाबाखाली काळा फॉस्फरस तयार केला. काळा फॉस्फरस ग्रॅफाइटसारखा थरांचा असतो, वीज वाहतो आणि सर्व रूपांत तोच सर्वांत स्थिर आहे.

आता परीक्षेत हमखास चकवणारी गोष्ट. मूलद्रव्याचं सर्वांत स्थिर रूप ही त्याची प्रमाण अवस्था धरतात. फॉस्फरस हा या नियमाचा ठळक अपवाद: ऊष्मारसायनात, म्हणजे अभिक्रियांतल्या उष्णतेच्या हिशेबात, प्रमाण म्हणून पांढराच घेतात, कारण तो शुद्ध आणि एकसारखा मिळवणं सोपं असतं. आणि प्रयोगशाळेसाठी एक ताकीद. लाल फॉस्फरस जोरात तापवून त्याची वाफ थंड केलीस तर जमा होतो तो पांढरा फॉस्फरस. लाल निर्धोक आहे असं समजून तो बंद नळीत तापवण्याचा प्रयोग शिक्षक शेजारी नसताना कधीही करू नकोस.

प्रश्न : फॉस्फरस अंधारात खरंच चमकतो का? मुलांच्या खोलीतल्या चमकत्या चांदण्यांमध्ये आणि रात्री उजळणाऱ्या समुद्राच्या लाटांमध्येही तोच असतो का? (एक पालक)

पांढरा फॉस्फरस खरंच चमकतो, फिकट हिरवट. चांदण्यांमध्ये आणि लाटांमध्ये मात्र ही चमक त्याची नाही.

१६६९ मध्ये हाम्बुर्ग शहरात हेनिग ब्रांड हा किमयागार सोनं बनवण्याच्या मागे लागला होता. त्याने बादल्याच्या बादल्या लघवी साठवली, कुजू दिली, आटवली आणि उरलेला गाळ भट्टीत प्रचंड तापवला. लघवीतल्या फॉस्फेटमधला ऑक्सिजन त्याच गाळातल्या कार्बनने ओढून घेतला आणि मोकळा फॉस्फरस वाफेच्या रूपात बाहेर आला. आपण काय केलं हे ब्रांडला कळणं शक्यच नव्हतं. त्याला दिसला तो विस्तवाशिवाय उजळणारा मेणासारखा पदार्थ. ज्याचा शोध लावणारा माणूस नावानिशी ठाऊक आहे असं हे पहिलं मूलद्रव्य. लंडनमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी १६८० मध्ये स्वतंत्रपणे ते मिळवलं, आणि हा पदार्थ मूलद्रव्य आहे हे लाव्हाझिए यांनी पुढच्या शतकात ओळखलं.

ती चमक म्हणजे संथ ज्वलन. पृष्ठभागावरून उठणारी फॉस्फरसची वाफ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते, त्यात क्षणभर उत्तेजित अवस्थेतले रेणू तयार होतात आणि ती जादा ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. गंमत अशी की सामान्य दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये हीच चमक विझते. ऑक्सिजन जास्त म्हणजे उजेड जास्त, हा अंदाज इथे साफ चुकतो.

चमकत्या चांदण्यांमध्ये बहुधा युरोपियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं, जुन्या वस्तूंत झिंक सल्फाइड असायचं. दिव्याचा उजेड शोषायचा आणि सावकाश परत द्यायचा, एवढंच त्यांचं काम. मोकळा फॉस्फरस त्यांत नसतो. लाटांमधला उजेड सूक्ष्म सागरी जिवांच्या शरीरातल्या जैवरासायनिक अभिक्रियेचा. काजव्याच्या बाबतीत मात्र फॉस्फरसचा हात आहे: त्याच्या प्रकाशाला एटीपी हा फॉस्फेटयुक्त रेणू लागतो. पण तो बांधलेला फॉस्फरस. त्याने आग लागत नाही.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाने आगकाडीचं गुल चघळलं. काडेपेटीत फॉस्फरस असतो असं वाचून घाबरायला झालं. (एक आई)

आजच्या सुरक्षा काडेपेटीत गुलात फॉस्फरस नसतोच. तो असतो पेटीच्या कडेच्या घासपट्टीवर, काचेच्या भुकटीबरोबर, आणि तोही लाल. गुलात मुख्यतः पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस असतो. एखाद्-दुसरी काडी चघळल्याने सहसा काही होत नाही. तोंड पुसून पाणी पाजावं. पुष्कळ काड्या पोटात गेल्या असतील, उलट्या होत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर क्लोरेटचा त्रास होऊ शकतो. तेव्हा थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

ही भीती उगाच आलेली नाही. १८३० च्या दशकापासून आगकाड्यांच्या गुलात पांढरा फॉस्फरस वापरत असत. अशी काडी कुठेही घासली की पेटे. ते गुल खाऊन माणसं मेली आहेत. पांढऱ्या फॉस्फरसची ५० ते १०० मिलिग्रॅम मात्रा प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकते. पण खरा बळी गेला तो कारखान्यांतल्या कामगारांचा, त्यात बायका आणि मुलं फार. फॉस्फरसची वाफ वर्षानुवर्षं श्वासावाटे शरीरात जायची. आधी दात दुखायचे, मग हिरड्या सुजायच्या, मग जबड्याचं हाडच मरायला लागायचं. पू वाहायचा, दुर्गंधी सुटायची, आणि बहुतेकदा जबडा कापून काढण्यावाचून इलाज नसायचा. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १८४५ च्या सुमारास या रोगाची नोंद केली.

मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे तारखा. स्वीडनमध्ये गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्येच सुरक्षा काडीची कल्पना मांडली होती. लुंडस्ट्रॉम बंधूंनी लाल फॉस्फरस वापरून तिची सुधारलेली आवृत्ती १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. म्हणजे रोगही माहीत होता आणि उपायही. तरी पांढरा फॉस्फरस स्वस्त पडतो आणि काडी कुठेही पेटते, एवढ्यासाठी तो पुढे अर्धं शतक चालू राहिला. १८८८ मध्ये लंडनच्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या मुलींनी संप केला, त्यांच्या तक्रारींत हा रोगही होता. फिनलंड आणि डेन्मार्क यांनी १८७० च्या दशकातच बंदी घातली होती. अनेक देशांनी मिळून करार केला तो बर्नमध्ये, थेट १९०६ साली. ज्ञान कमी पडलं म्हणून त्या माणसांचे जबडे गेले नाहीत, हे स्पष्ट लिहायला हवं.

दंतवैद्यांना हा आजार पुन्हा आठवला २००३ च्या सुमारास. हाडांच्या ठिसूळपणावर आणि कर्करोगात दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट गटाच्या औषधांमुळे काही रुग्णांत जबड्याचं हाड तसंच मरताना दिसलं. हे क्वचित घडतं आणि ती औषधं उपयोगाची आहेत. पण ती घेत असाल तर दात काढण्याआधी दंतवैद्यांना जरूर सांगा.

प्रश्न : फॉस्फरस निसर्गात शुद्ध रूपात कुठे सापडतो? त्याच्या खाणी कुठे आहेत? (स्पर्धा परीक्षेचा उमेदवार)

शुद्ध रूपात कुठेच नाही. ऑक्सिजनने भरलेल्या वातावरणात तो मोकळा टिकूच शकत नाही. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ०.१ टक्के फॉस्फरस आहे, आणि तो जवळजवळ सगळा फॉस्फेट खनिजांत. त्यांतलं मुख्य खनिज ॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. त्यात फ्लोराइड, क्लोराइड किंवा हायड्रॉक्साइड असतं त्यावरून त्याचे प्रकार पडतात. आपल्या हाडांचं आणि दातांचं खनिज याच कुळातलं. उल्कापाषाणांत मात्र लोह, निकेल आणि फॉस्फरस यांचं श्रायबरसाइट नावाचं खनिज सापडतं.

खाणींतलं बहुतेक फॉस्फेट सागरतळाशी साचलेल्या गाळाचं. समुद्राच्या खोल थरातलं पोषक पाणी जिथे वर येतं, तिथे जीवसृष्टी फोफावते; तिचे अवशेष तळाशी जाऊन लक्षावधी वर्षांत फॉस्फेटचे थर बनतात. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोकडे आहे, त्यात वादग्रस्त पश्चिम सहाराही धरलेला असतो. उत्पादनात चीन पहिला. रशियाच्या कोला द्वीपकल्पातला साठा मात्र अग्निजन्य खडकांतला आहे.

प्रशांत महासागरातल्या नाऊरूचं नाव उत्तरपत्रिकेपलीकडेही लक्षात ठेवावं. अवघं २१ चौरस किलोमीटरचं बेट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथलं उच्च प्रतीचं फॉस्फेट खणून परदेशांतल्या शेतांवर पसरलं गेलं. काही काळ नाऊरूचे लोक जगातल्या श्रीमंतांत गणले गेले. साठा संपत आला तेव्हा बेटाचा बहुतेक अंतर्भाग चुनखडीच्या उघड्या सुळक्यांचा झाला होता. तिथे शेती नाही, वस्तीही नाही.

फॉस्फरसच्या चक्रात हवेचा टप्पा जवळजवळ नाही. नत्र हवेतून परत मिळतो, कार्बन मिळतो. फॉस्फरस झिजलेल्या खडकातून मातीत, मातीतून नदीत, नदीतून समुद्रात जातो आणि तिथून वर यायला भूस्तर उचलला जाण्याची वाट पाहावी लागते. वाऱ्याबरोबर जाते ती फक्त धूळ. चाडमधल्या एका आटलेल्या सरोवराच्या तळासह सहारातून उडालेली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. तिच्यातून वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस तिथे पोहोचतो असा उपग्रहांच्या नोंदींवरून केलेला अंदाज आहे. पावसाने जंगलातून वाहून जाणारा फॉस्फरसही साधारण तेवढाच.

आणि मोकळा फॉस्फरस सापडला, असं कुणाला वाटलंच, तर तो माणसाने टाकलेला असतो. बाल्टिक समुद्राच्या जर्मन किनाऱ्यावर, विशेषतः उजेडोम बेटावर, दुसऱ्या महायुद्धातल्या आगलाव्या बाँबमधले पांढऱ्या फॉस्फरसचे तुकडे अजून वाहून येतात. ते हुबेहूब अंबरसारखे दिसतात. ओला तुकडा शांत असतो. खिशात टाकला, वाळला, शरीराची ऊब लागली की पेटतो. अशा जखमा झालेली माणसं आहेत. म्हणून तिथे गोळा केलेलं अंबर खिशात न ठेवता काचेच्या किंवा धातूच्या डब्यात ठेवायला सांगतात.

प्रश्न : दरवर्षी स्फुरदाची खतं देतो, तरी माती परीक्षणात स्फुरद कमीच येतो. जातो कुठे? (एक शेतकरी)

तुमचा स्फुरद, म्हणजे शेतीच्या भाषेतला फॉस्फरस, बहुतेक कुठे गेलेला नाही. तो तुमच्याच शेतात आहे, पण कुलूपबंद.

मातीत एकूण स्फुरद हेक्टरी शेकडो किलो असतो. पिकाच्या मुळांना मात्र तो पाण्यात विरघळलेल्या फॉस्फेटच्या रूपातच घेता येतो, आणि कोणत्याही क्षणी मातीतल्या पाण्यात तो अत्यंत थोडा असतो. खताचा दाणा विरघळला की फॉस्फेट मोकळं होतं आणि लगेच पकडलं जातं. आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरतात, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम. सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर ही पकड सर्वांत सैल असते. म्हणूनच दिलेल्या खतातला पहिल्या हंगामात पिकाला मिळणारा वाटा बहुधा १० ते २० टक्केच. बाकीचा पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतो, काही फार घट्ट बसतो.

दुसरी अडचण चालीची. नत्र पाण्याबरोबर फिरतो. स्फुरद मातीत मिलिमीटरांत सरकतो. मूळ त्याच्यापर्यंत जायला हवं, तो मुळापर्यंत येत नाही. म्हणून वरून फेकलेला स्फुरद बराचसा वाया जातो, आणि पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली, बाजूला, ओळीत दिलेला कामी येतो. पीक वाढल्यावर पानं जांभळट दिसली म्हणून वरून टाकलेला स्फुरद त्या हंगामाला क्वचितच वाचवतो. ही जांभळट छटा आधी जुन्या पानांवर येते, कारण झाड त्यांतला स्फुरद काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवतं. थंडीत मुळं मंदावली तरी तात्पुरती अशीच छटा येते, एवढं पाहून घ्या.

मुळांना मदत करणारे दोन सोबती आहेत. मायकोरायझा बुरशी आपले तंतू मुळाच्या पल्याड पसरवून लांबचा स्फुरद आणते. स्फुरद विरघळवणारे जीवाणू सेंद्रिय आम्लं सोडून कुलूप थोडं सैल करतात. त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसतील तर जीवाणूंची पाकिटं ओतून काही साधत नाही. शेणखत किंवा कंपोस्टाबरोबर त्यांचं काम चांगलं चालतं.

परीक्षण अहवालावर पद्धत कोणती लिहिली आहे तेही बघा. चुनखडीयुक्त आणि उदासीन जमिनीला ओल्सन पद्धत योग्य, आम्लधर्मीला ब्रे. चुकीच्या पद्धतीचा आकडा फसवतो. आणि पोत्यावरचा आकडा शुद्ध फॉस्फरसचा नसतो, तो फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो. त्याला ०.४३६ ने गुणलं की खरा फॉस्फरस मिळतो. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतावर ४६ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे १०० किलोंत फॉस्फरस सुमारे २० किलो.

परीक्षणात स्फुरद भरपूर आला तर एखादा हंगाम खत थांबवायला घाबरू नका. जादा स्फुरदाने पिकाला जस्त मिळेनासं होतं. पैसा आणि पीक दोन्हींचं नुकसान.

प्रश्न : वडिलांचं मूत्रपिंड अधू आहे. रक्तात फॉस्फरस वाढला म्हणून सांगतात. पोटात फॉस्फरस गेलाच कसा? (एक मुलगा)

तुम्हाला वाटतोय तो फॉस्फरस हा नव्हे. रक्तात मोजतात ते फॉस्फेट, आणि त्याच्याविना एक पेशीही जगत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला डीएनएच्या कण्यात, पेशींच्या आवरणात आणि एटीपीमध्ये. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन. कोणत्याही क्षणी शरीरात ते थोडंसंच असतं, पण ते इतक्या वेळा खर्च होऊन पुन्हा बनतं की दिवसभरातली उलाढाल माणसाच्या वजनाएवढी भरते.

प्रौढांच्या रक्तातली सामान्य पातळी साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. जादा झालं की निरोगी मूत्रपिंड ते लघवीवाटे टाकतं. मूत्रपिंड थकलं की फॉस्फेट साचतं, कॅल्शियमचा तोल ढळतो, परावटु (पॅराथायरॉइड) ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतात. हाडं कमकुवत होतात, रक्तवाहिन्यांत क्षार साचतात, अंगाला खाज सुटते.

आहाराबाबत एक मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. सगळा फॉस्फरस सारखा शोषला जात नाही. धान्य आणि कडधान्यांतला बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. माणसाच्या आतड्यात ते फोडणारं विकर (एन्झाइम) पुरेसं नसतं, म्हणून तो जेमतेम निम्मा किंवा त्याहून कमी मिळतो. पाकीटबंद पदार्थांत मिसळलेली फॉस्फेटं मात्र जवळजवळ पूर्ण शोषली जातात. तेव्हा वडिलांची डाळ तोडण्याआधी पाकिटांवरची घटकांची यादी वाचा: फॉस्फेट, फॉस्फोरिक आम्ल, ई ३३८ ते ई ३४१, ई ४५० ते ई ४५२. फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. उपाशीपोटी त्यांना बांधायला काही नसतं. बाकी आहाराचं प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील, कारण हाच रुग्ण कुपोषितही होऊ नये.

प्रश्न : शीतपेयांत फॉस्फोरिक आम्ल आणि गंज काढायलाही तेच. मग ते पिणं धोक्याचं नाही का?

आम्ल तेच, तीव्रता वेगळी. पेयात ते आंबटपणापुरतं, अगदी विरळ असतं. गंजावर घट्ट द्रावण लावतात. ते लोखंडावर फॉस्फेटचा थर बसवतं. तुमच्या जठरातलं आम्ल त्या पेयाहून तीव्र असतं. मात्र दातांच्या एनॅमलला कुठलंही आम्ल वारंवार लागणं वाईटच.

प्रश्न : कीटकनाशकं आणि धान्यात ठेवायच्या गोळ्या यांतही फॉस्फरस असतो म्हणे. ते विष कोणत्या प्रकारचं? (एक गृहिणी)

दोन वेगळी विषं आहेत. ऑरगॅनोफॉस्फरस गटाची कीटकनाशकं मज्जातंतूंतलं एक विकर बंद पाडतात. त्यामुळे स्नायूंना मिळालेला संदेश थांबतच नाही. लाळ, घाम, आकुंचलेली बाहुली, श्वासाला धाप. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत असताना टाबुन आणि सारिन ही युद्धात वापरण्याजोगी विषं हाती लागली, ती याच कुळातली. या विषबाधेवर ॲट्रोपिनसारखी औषधं आहेत, वेळेत पोहोचलं तर जीव वाचतो.

धान्यात ठेवतात त्या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. यावर उतारा नाही. गोळी लावलेल्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं आणि मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. राहत्या घरात या गोळ्या वापरूच नका. हे प्रशिक्षित माणसाचं, हवाबंद गोदामातलं काम आहे.

प्रश्न : तळी हिरवीगार होतात त्याचा दोष कपड्यांच्या साबणाला देतात. हे सिद्ध झालं आहे? (निसर्गप्रेमी वाचक)

फॉस्फेटचा दोष सिद्ध झालाय, आणि फार सुंदर प्रयोगाने. १९६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतलं ईरी सरोवर शैवालाने माखलं. अपमार्जकांत (डिटर्जंटमध्ये) पाणी मृदू करायला सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट घालत. उद्योगांचं म्हणणं होतं, दोष कार्बनचा. कॅनडातल्या ओंटारिओत डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एका छोट्या सरोवराच्या मधोमध पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र घातला, दुसऱ्यात त्यांच्याबरोबर फॉस्फरसही. काही आठवड्यांत दुसरा भाग गडद हिरवा झाला. पहिला जसाच्या तसा. विमानातून घेतलेलं ते छायाचित्र पाहिल्यावर वाद घालायला जागा उरत नव्हती. अनेक ठिकाणी अपमार्जकांतल्या फॉस्फेटवर बंधनं आली.

आज मोठा वाटा शेतांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसचा आणि सांडपाण्याचा. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीकाठच्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, कारण नीलहरित जीवाणूंचं विष पाण्यात उतरलं होतं. उकळून ते जात नाही. आणि येणारा फॉस्फरस थांबवला तरी तळं लगेच सुधारत नाही: तळाचा ऑक्सिजन संपला की गाळात लोहाला चिकटलेलं फॉस्फेट सुटून पुन्हा वर येतं. तळं साफ करण्याची मोहीम आखताना गाळाचा विचार आधी करा, वरचं शैवाल काढण्याचा नंतर.

प्रश्न : फॉस्फरस संपेल का? त्याला पर्याय शोधता येणार नाही? (निवृत्त शिक्षक)

सर, पर्याय नाही. आवर्तसारणीत त्याच्याखालीच असलेलं आर्सेनिक रसायनाने जवळचं. म्हणूनच ते विषारी. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जीवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो असा दावा २०१० मध्ये झाला होता. इतर प्रयोगशाळांत तो टिकला नाही आणि २०२५ मध्ये तो शोधनिबंध संबंधित नियतकालिकाने मागे घेतला. आर्सेनेटचे बंध पाण्यात चटकन तुटतात. त्यांवर आनुवंशिक संदेश पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नाही. ऊर्जेसाठी खनिज तेलाऐवजी सूर्य किंवा वारा वापरता येतो. फॉस्फेटच्या जागी काहीच बसत नाही.

संपण्याबद्दल मात्र घाबरवणारे आकडे जपून घ्यावेत. ज्ञात साठे ७,००० कोटी टनांहून अधिक, वर्षाचं उत्खनन सुमारे २२ कोटी टन. नुसता भागाकार केला तर तीनशे वर्षं निघतात. माझी काळजी वेगळी आहे. एक, साठे मोजक्या देशांच्या हातात आहेत. २००८ मध्ये फॉस्फेट खडकाचे भाव कित्येक पटींनी चढले तेव्हा गरीब देशांतल्या शेतीला त्याची झळ बसली. दोन, चांगल्या प्रतीचा खडक आधी खणला जातो; उरलेल्यात कॅडमियमसारखी अशुद्धी जास्त. तीन, वाया जाण्याचं प्रमाण. खतासाठी खणलेल्या फॉस्फरसपैकी अन्नातून माणसापर्यंत पोहोचतो तो जेमतेम पाचवा हिस्सा.

आणि जो पोहोचतो तोही आपण रोज बाहेर टाकतो, त्यातला मोठा भाग लघवीवाटे. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत तो मॅग्नेशियम आणि अमोनियमबरोबर स्फटिक बनून नळ तुंबवायचा. या स्फटिकाचं नाव स्ट्रुवाइट. आता काही केंद्रांत तोच मुद्दाम घडवून, दाण्यांच्या रूपात खत म्हणून विकतात. तो सावकाश विरघळतो, त्यामुळे पाण्याबरोबर कमी वाहून जातो. जर्मनीने २०१७ मध्ये नियम केला: मोठ्या शुद्धीकरण केंद्रांनी २०२९ पासून आणि मध्यम केंद्रांनी २०३२ पासून सांडपाण्याच्या गाळातला फॉस्फरस परत मिळवायचा. स्वित्झर्लंडनेही असाच नियम केला आहे. जिथे नवं शुद्धीकरण केंद्र उभं राहत असेल, तिथे आराखडा मंजूर होण्याआधीच ही सोय मागून घ्यावी. नंतर बसवायची तर खर्च फार वाढतो.